हिरव्या सूर्याचा इतिहास

शके १८०५ च्या भाद्रपदात, म्हणजे इसवी सन १८८३ च्या सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, मद्रास इलाख्यातील आणि सिंहलद्वीपातील लोकांस सूर्य हिरवा दिसला. सकाळी क्षितिजापाशी तो दिसतच नसे. बराच वर आल्यावर जेव्हा दृष्टीस पडे, तेव्हा त्याचे बिंब कोवळ्या पानासारखे हिरवे असे. जसजसा तो वर चढे तसतशी ही हिरवाई निळसर होत जाई, मध्यान्ही फिकट निळी होई आणि अस्ताच्या सुमारास पुन्हा हिरवी. तेज इतके मंदावलेले की उघड्या डोळ्यांनी त्याच्याकडे पाहता यावे. शुक्ल पक्षातील चंद्रावरही निळसर छटा आली होती. थोडे दिवस हा प्रकार चालून थांबला आणि त्याच महिन्याच्या बाविसाव्या तारखेच्या सुमारास पुन्हा एकदा प्रकट झाला. चंद्राच्या कला बदलतात, तारे उगवतात व मावळतात, ऋतू मागेपुढे होतात. पण सूर्याने आपला रंग बदलावा ही गोष्ट मनुष्याच्या हिशेबात बसणारी नव्हती. त्या रंगाचा उलगडा कसा झाला, आणि तो उलगडताना काय हाती लागले व काय निसटले, ह्याचा थोडा विचार करण्याचे प्रस्तुत लेखात योजिले आहे.

आकाशातील विपरीत रंगांची नोंद ठेवण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत सूर्यबिंबाचे निरनिराळे वर्ण, सूर्यचंद्राभोवती पडणारे परिवेष आणि संध्याकाळच्या प्रभा ह्यांची स्वतंत्र प्रकरणे आहेत. क्षितिज पेटल्यासारखे दिसू लागते त्या देखाव्यासाठी ‘दिग्दाह’ असा नेमका शब्द तेथे तयार आहे. निरीक्षण बारीक आहे, वर्गीकरणही कसोशीचे आहे. परंतु निरीक्षणानंतर जो प्रश्न विचारला जातो तो एकच: ह्याचे फल काय? राजास अरिष्ट, की पर्जन्याचा अभाव, की परचक्र? युरोपातही शतकानुशतके हाच प्रश्न विचारला जात होता, तेव्हा ह्या बाबतीत कोणी कोणास हसण्याचे कारण नाही. शिवाय फलाचा प्रश्न विचारणारे लोक सारेच निष्क्रिय भाविक असतात असेही नाही. १८३१ सालची हकीकत ह्या दृष्टीने मनन करण्याजोगी आहे.

त्या वर्षी अमेरिकेतील व्हर्जिनिया संस्थानात नॅट टर्नर नावाचा एक गुलाम होता. तो लिहूवाचू शके, बायबल त्याला मुखोद्गत होते, आणि आपल्या जातभाईंना दास्यातून सोडविण्याची आज्ञा आपणास ईश्वराकडून मिळणार आहे अशी त्याची श्रद्धा होती. फेब्रुवारीत सूर्यग्रहण झाले. ते त्याने पहिले चिन्ह मानिले. पुढे १३ ऑगस्ट रोजी सूर्य निळसर हिरवा दिसला, आणि हे अखेरचे चिन्ह होय असे त्याने ठरविले असे इतिहासकार सांगतात. २१ ऑगस्टच्या रात्री त्याने बंड उभारले. पन्नासांहून अधिक गोरी माणसे मारली गेली. मग बंड मोडले, सूडापोटी अनेक निरपराध कृष्णवर्णीयांची कत्तल झाली आणि नोव्हेंबरात टर्नरला फाशी देण्यात आली. बंडाचे खरे कारण अर्थातच गुलामगिरी हे होते, सूर्य नव्हे. परंतु त्या दिवशी सूर्य हिरवा का दिसला, हे टर्नरला ठाऊक नव्हते, त्याच्या धन्यांना ठाऊक नव्हते आणि त्या काळच्या कोणा विद्वानालाही ठाऊक नव्हते. ते कळावयास जवळजवळ दोन शतके लागली. त्याकडे मागाहून वळू.

१८८३ च्या हिरव्या सूर्याचे दैव अधिक चांगले. त्याच्या उगमाचा शोध थोड्याच महिन्यांत लागला, कारण उगम साऱ्या जगाच्या कानी पडला होता. जावा आणि सुमात्रा ह्यांच्यामधील सुंदा सामुद्रधुनीत क्राकाटोआ नावाचे निर्जन बेट होते. मे महिन्यात तेथील ज्वालामुखी जागा झाला. २६ ऑगस्ट रोजी दुपारपासून त्याने उग्र रूप धारण केले आणि २७ तारखेस सकाळी दहाच्या सुमारास जो स्फोट झाला त्याने बेटाचा सुमारे दोनतृतीयांश भाग नाहीसा केला. तीन हजार मैलांवरील रॉड्रिग्ज बेटावर तो आवाज दूरच्या तोफांसारखा ऐकू आला. स्फोटाने हवेत उठलेली दाबाची लाट पृथ्वीला अनेक प्रदक्षिणा घालून गेली आणि जगभरच्या वायुभारमापकांवर आपली खूण ठेवून गेली. समुद्राच्या शंभर फुटांहून उंच लाटांनी अंजेर, मेराक, तेलोक बेतोंग ही गावे धुऊन नेली. सरकारी गणतीप्रमाणे ३६,४१७ माणसे मेली.

ज्वालामुखीच्या अगदी निकट जे होते त्यांनी कोणते रंग पाहिले? मुख्यत्वे काळाच. बटाव्हिया शहरात भर दुपारी दिवे लावावे लागले. सामुद्रधुनीच्या काठी तर दिवस कोणता व रात्र कोणती हे कळेनासे झाले. त्या काळोखात सामुद्रधुनीतून जाणाऱ्या जहाजांवर मात्र एक निराळेच तेज दिसले. ‘चार्ल्स बाल’ ह्या इंग्रज जहाजाच्या कप्तानाने डोलकाठ्यांच्या टोकांवर निळसर ज्योती पाहिल्याचे लिहून ठेविले आहे. राखेच्या कणांच्या घर्षणाने हवा विजेने भारली जाते, आणि उंच टोकांतून ती वीज मंद प्रकाशाच्या रूपाने झिरपू लागते. ह्या ज्योतींस खलाशी सेंट एल्मोचा अग्नी म्हणतात. एका आगबोटीवर चिखलाच्या पावसाने माखलेल्या दोरखंडांवर असा उजेड दिसू लागला, तेव्हा तेथील देशी खलाशी तो हातांनी विझवू लागले. त्यांना त्यात अशुभ दिसत होते. ज्या समुद्रावर ते होते तो पाहता त्यांची भीती अनाठायी होती असे कोण म्हणेल?

हिरवा, निळा, तांबडा हे रंग दूरच्यांच्या वाट्यास आले. स्फोटाने वर फेकलेले द्रव्य ढगांच्याही वर, दहावीस मैल उंचीवर जाऊन पोहोचले आणि तेथील वाऱ्यांनी ते पश्चिमेकडे वाहून नेले. दुसऱ्याच दिवशी हिंदी महासागरातील बेटांवर संध्याकाळी विचित्र लाली दिसली. सप्टेंबरच्या आरंभी दक्षिण अमेरिकेच्या उत्तरेस त्रिनिदाद येथे सूर्य निळा झाला. ५ सप्टेंबर रोजी पॅसिफिक महासागराच्या मध्यभागी होनोलुलू येथे आकाश पेटले. साधारण तेरा दिवसांत हा धुराळा विषुववृत्ताच्या आसपास पृथ्वीप्रदक्षिणा करून आला. मद्रासकडे दिसलेला सूर्य हा ह्याच प्रदक्षिणेतील एक मुक्काम होता, आणि बाविसाव्या तारखेस दिसलेला हा तिचाच पुढला फेरा. वेग ताशी सत्तर मैलांहून अधिक. एवढ्या उंचीवर असा वारा वाहतो हे तोपर्यंत कोणी जाणत नव्हते. तेथवर फुगाही पोहोचला नव्हता. आकाशाच्या त्या माळ्यावरचा पहिला वातकुक्कुट हा धुराळाच होय.

होनोलुलूत सेरेनो बिशप नावाचे एक मिशनरी राहत. त्यांनी केवळ लालीच पाहिली नाही. सूर्याभोवती एक मंद वर्तुळ असल्याचेही त्यांनी हेरले. आतील भाग निळसर पांढरा आणि कडेस तांबूस तपकिरी असे ते रुंद, अस्पष्ट मंडल होते. नेहमीच्या परिवेषाहून ते भिन्न होते, कारण तो हिमकणांमुळे पडतो आणि त्याची तांबडी कड आतल्या बाजूस असते. बिशप ह्यांनी निरनिराळ्या ठिकाणच्या तारखा जुळविल्या आणि हे सारे क्राकाटोआपासून निघून विषुववृत्तावरून वाहत आलेल्या धुराच्या प्रवाहाचे कार्य होय असे अनुमान मांडले. आजही त्या मंडलास बिशपचे कडे असेच नाव आहे. पदवीने पाद्री असलेल्या ह्या गृहस्थाने हिरव्या आकाशाखाली उभे राहून ‘फल काय?’ हा प्रश्न न विचारता ‘कोठून आले, आणि कोणत्या तारखेस कोठे होते?’ हा प्रश्न विचारला, ह्यात त्या शतकाची सारी प्रगती सामावलेली आहे.

अर्थात हे अनुमान सर्वांस लगेच पटले असे नाही. एवढ्याशा बेटाची धूळ साऱ्या पृथ्वीवर पसरली ही कल्पनाच कित्येकांस हास्यास्पद वाटली. उल्कांची धूळ असावी, नुसती पाण्याची वाफ असावी, असे पक्ष पुढे आले. वाफेच्या पक्षास आधारही होता. मद्रास ख्रिश्चन कॉलेजातील पदार्थविज्ञानाचे अध्यापक मिची स्मिथ, जे पुढे कोडईकनालच्या सौर वेधशाळेचे प्रमुख झाले, त्यांनी हिरव्या सूर्याकडे वर्णपटदर्शक रोखला. वर्णपटाची तांबडी बाजू बरीच क्षीण झालेली आणि जलबाष्पाच्या रेषा ठळक झालेल्या त्यांस आढळल्या. ‘नेचर’ साप्ताहिकाचे संपादक नॉर्मन लॉकियर ह्यांस आठवले की, विंडरमियर सरोवरावरील एका लहान आगबोटीच्या वाफेतून आपण सूर्य हिरवा पाहिला होता. हँबर्गचे किस्लिंग ह्यांनी तर काचेच्या भांड्यात बारीक धुके तयार करून त्यातून सूर्यप्रकाश सोडला आणि निळा सूर्य घरातल्या घरात करून दाखविला. बंदिस्त भांड्यात वश झालेल्या अद्भुताची भीती उरत नाही. त्याविषयीचे कुतूहल मात्र वाढते.

दरम्यान धुराळा उत्तरेस व दक्षिणेस पसरत होता. नोव्हेंबरच्या अखेरीस युरोप आणि उत्तर अमेरिका ह्या लालीखाली आल्या. सूर्य मावळून रोजचा संधिप्रकाश विझत आला की तासाभराने पश्चिम दिशा पुन्हा रक्तवर्ण होई. न्यूयॉर्कजवळील पोकीप्सी येथे आणि न्यू हेवन येथे दूर कोठे मोठी आग लागली असे समजून बंबवाले धावले. लंडनमध्ये विल्यम ॲस्क्रॉफ्ट नावाच्या चित्रकाराने थेम्सच्या काठी बसून रंगीत खडूंनी पाचशेंहून अधिक आकाशचित्रे काढली. कित्येक चित्रे एकाच संध्याकाळची, थोड्या थोड्या मिनिटांच्या अंतराने रंगविलेली आहेत. रंगीत छायाचित्रण व्यवहारात आले नव्हते त्या काळात हीच त्या आकाशाची विश्वसनीय नोंद होय. ह्याच सुमारास जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स ह्या जेझुइट शिक्षकाचे पत्र ‘नेचर’ने छापले. ही लाली नेहमीच्या सूर्यास्ताहून रंगात, पोतात आणि क्रमात कशी वेगळी आहे ह्याचे त्यात काटेकोर वर्णन आहे. हे गृहस्थ कवी आहेत हे वाचकांस ठाऊक असण्याचा संभव नव्हता, कारण त्यांच्या कवितांचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९१८ साली निघाले. कवीची दृष्टी आणि शास्त्रज्ञाची दृष्टी ह्यांत वैर आहे असे समजणाऱ्यांनी हे पत्र अवश्य पाहावे.

लंडनच्या रॉयल सोसायटीने ह्या सर्व माहितीसाठी एक समिती नेमिली आणि तिचा सुमारे पाचशे पृष्ठांचा अहवाल १८८८ मध्ये सिमन्स ह्यांच्या संपादकत्वाखाली प्रसिद्ध झाला. त्यातील प्रकाशविषयक दीर्घ भाग रोलो रसेल आणि डग्लस आर्किबॉल्ड ह्यांचा आहे. गलबतांचे कप्तान, मिशनरी, दीपगृहांचे रखवालदार, वेधशाळांतील नोकर, वृत्तपत्रांस पत्रे लिहिणारे सामान्य नागरिक ह्यांच्या शेकडो नोंदी स्थळकाळानुसार लावून धुराळ्याचा मार्ग त्यांनी निश्चित केला. एकेकटी नोंद म्हणजे केवळ एक चमत्कार. सर्व एकत्र मांडल्या की त्यांतून नियम दिसू लागतो.

आता रंगांच्या कारणाकडे वळू. प्रकाशाच्या लहरींहून फार लहान असलेले कण निळा प्रकाश अधिक विखुरतात आणि तांबडा पुढे जाऊ देतात. आकाश निळे व मावळता सूर्य तांबडा असण्याचे हे नित्याचे कारण आहे. परंतु कण जर लहरींच्याच मापाचे असतील, आणि महत्त्वाचे म्हणजे सर्व जवळजवळ एकाच आकाराचे असतील, तर हा क्रम उलटतो: तांबडा प्रकाश अधिक विखुरला जातो आणि निळा पार होतो. मग सूर्य वर असता निळा दिसतो. खाली असता दाट हवेतून येताना निळ्याचाही काही अंश गळतो आणि मधला हिरवा तेवढा शिल्लक राहतो. सर्व कण एकाच मापाचे असणे ही गोष्ट विरळा, म्हणूनच हिरवा सूर्यही विरळा. ह्यास ज्वालामुखीच लागतो असेही नाही. सप्टेंबर १९५० मध्ये कॅनडातील अरण्यांत लागलेल्या वणव्यांचा धूर अटलांटिक ओलांडून आला आणि स्कॉटलंडमध्ये सूर्य निळा दिसला. दुसऱ्या संध्याकाळच्या लालीचे कारण ह्याहून सोपे आहे: जमिनीवर रात्र झाली तरी इतक्या उंचीवरील धुराळ्यास सूर्य अजून दिसत असतो.

धुराळा हा शब्द येथवर सोयीसाठी वापरला. १८८८ च्या अहवालकर्त्यांची समजूत खरोखरच बारीक खनिज धुळीची होती. पण खरी धूळ लवकर खाली बसते. मग ही लाली आणि बिशपचे कडे दोनतीन वर्षे का टिकले? ह्याचे उत्तर बऱ्याच उशिरा मिळाले. १९६० च्या सुमारास क्रिस्टियन युंग ह्यांनी फुग्यांच्या साहाय्याने उच्च वातावरणात गंधकयुक्त कणांचा एक थर असल्याचे दाखविले. ज्वालामुखीतून निघणारा गंधकाचा वायू वर जाऊन तेथील पाण्याशी मिळतो आणि गंधकाम्लाचे अतिसूक्ष्म थेंब बनतात. लाली टिकवितात ती ही थेंबे. सूर्याची उष्णता अडवून पृथ्वीला थोडी थंड करणारीही तीच होत. हेच गंधक ध्रुवप्रदेशांच्या बर्फात वर्षानुवर्षांच्या थरांत साठत जाते.

ह्या बर्फानेच १८३१ च्या सूर्याचा निकाल लावला. त्या वर्षी कोठेतरी मोठा उद्रेक झाला हे बर्फातील गंधकावरून व तत्कालीन नोंदींवरून दिसत होते. तो सिसिलीजवळच्या किंवा फिलिपाईन्समधील ज्वालामुखीचा असावा असे तर्क केले जात. २०२४ च्या अखेरीस स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्फात सापडलेले राखेचे सूक्ष्म काचकण कुरील द्वीपमालेतील सिमुशिर बेटावरील झावारित्स्की ज्वालामुखीच्या राखेशी जुळत असल्याचे सिद्ध केले. उद्रेक प्रत्यक्ष पाहिल्याची कोणाचीही नोंद नाही. जपानच्या उत्तरेकडील एका ओसाड बेटावरची वाफ व्हर्जिनियातील एका गुलामाच्या डोळ्यांपर्यंत पोहोचली आणि त्याने तिचा आपल्या परीने अर्थ लावला. कारण कळले म्हणून त्याने लावलेल्या अर्थाचे वजन कमी होते असे मला वाटत नाही. कार्यकारणभाव हा निसर्गाचा असतो; अर्थ लावतो तो मनुष्य, आणि तो आपल्या दुःखाच्या भाषेत लावतो.

येथे १८८८ च्या त्या अहवालाकडे पुन्हा पाहणे अवश्य आहे. त्यात जगभरच्या संध्याकाळी आहेत. परंतु ज्यांच्या घरांवर समुद्र आला त्यांचा स्वर त्यात फारसा ऐकू येत नाही. तो दुसरीकडे उमटला. मुहंमद सालेह नावाच्या मनुष्याने मलायी भाषेत लांपुंग प्रांताच्या बुडण्यावर एक दीर्घ काव्य रचिले, आणि ते स्फोटानंतर थोड्याच काळात सिंगापूर येथे शिळाप्रेसवर छापले गेले. त्या प्रलयाचे देशी माणसाने लिहिलेले हे एकमेव समकालीन वर्णन समजले जाते. विद्वानांचे लक्ष त्याकडे वळावयास शतक उलटून गेले. आणखी एक योगायोग ध्यानात घेण्यासारखा आहे. ज्या १८८८ साली लंडनमध्ये हा अहवाल निघाला, त्याच वर्षी जुलै महिन्यात जावाच्या पश्चिम टोकास बांतेन येथील शेतकऱ्यांनी डच सत्तेविरुद्ध बंड केले. इंडोनेशियाचे थोर इतिहासकार सार्तोनो कार्तोदिर्जो ह्यांनी ह्या बंडावर ग्रंथ लिहिला आहे. गुरांचा रोग, तापाची साथ आणि क्राकाटोआचा प्रलय अशी संकटांची मालिकाच त्या प्रांतावर कोसळली होती. करांचा व परसत्तेचा जाच होताच. एकाच उद्रेकातून एकीकडे प्रकाशशास्त्राचा ग्रंथ निघाला आणि दुसरीकडे पिचलेली माणसे उठली. ह्यांपैकी एक नोंद ठेवून दुसरी वगळली, तर इतिहास अर्धाच राहील.

आपल्या प्रांतास हा विषय अगदी परका मानण्याचे कारण नाही. सह्याद्रीचा काळा फत्तर हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचाच आहे. त्या वेळचे सूर्यास्त पाहावयास मनुष्य नव्हता एवढेच. आणि ह्यापुढचे सूर्यास्त कसे असतील, हा प्रश्न तर सर्वांचाच आहे. १९९१ साली फिलिपाईन्समधील पिनातुबोच्या उद्रेकानंतर पृथ्वीचे तपमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले. २०२२ च्या जानेवारीत टोंगाजवळ समुद्राखालच्या ज्वालामुखीचा स्फोट झाला. त्याची हवेतील लाटही क्राकाटोआप्रमाणे पृथ्वीभोवती फिरून आली, आणि त्यानंतर दक्षिण गोलार्धात कित्येक महिने जांभळ्या-गुलाबी संध्याकाळी दिसल्या. पिनातुबोसारख्या उदाहरणांवरून काही शास्त्रज्ञांच्या मनात असा विचार आला आहे की, पृथ्वीची वाढती उष्णता आटोक्यात ठेवण्यासाठी मनुष्यानेच उंच आकाशात गंधक सोडावे. २००६ साली नोबेल पारितोषिकाचे मानकरी पॉल क्रुत्झेन ह्यांनी ह्या उपायाचा गंभीरपणे विचार व्हावा असे लिहिले, तेव्हापासून वाद चालू आहे. असे झाले तर दिवसाचे आकाश पांढुरके होईल आणि संध्याकाळ अधिक तांबडी.

वराहमिहिराने अशा आकाशाचे फल विचारले असते, बिशपने त्याचे मूळ शोधले असते. पुढील पिढ्यांस तिसराच प्रश्न विचारावा लागेल: हे कोणाच्या आज्ञेने झाले, आणि ज्यांच्या शेतावरचा पाऊस त्याने हलविला त्यांस कोणी विचारले होते काय? त्या प्रश्नाचे उत्तर वर्णपटदर्शकात सापडणार नाही. ते देण्याची सवय आपण आतापासूनच लावून घेतलेली बरी.